क्रेडोची मोकळी जागा

‘ऑर्गन’ हा शब्द कानी पडताच मराठी रसिकाच्या डोळ्यांपुढे संगीत नाटकाचा रंगमंच उभा राहतो. गंधर्व नाटक मंडळीच्या प्रयोगांत साथ करणारी ती भारदस्त पायपेटी आपल्या कानांनी इतकी आपलीशी केली आहे, की या नावाचे मूळ वाद्य निराळेच असून ते पेटीएवढे नव्हे तर कधीकधी घराएवढे असते, हे आपल्या सहसा ध्यानात राहत नाही. पायपेटीत नाद उमटतो तो पितळी पात्यांतून. खऱ्या ऑर्गनमध्ये तो उमटतो शेकडो, प्रसंगी हजारो नळ्यांतून. पायपेटी गायकाला साथ करते, तर हा ऑर्गन सबंध इमारतीलाच कंठ देतो. प्रस्तुत लेखात ज्या कृतीचा विचार करावयाचा आहे, तिच्यात असे एक नव्हे तर दोन ऑर्गन योजिलेले आहेत आणि त्यांच्यामध्ये एका सबंध देवालयाची लांबी आहे. ही कृती म्हणजे फ्रेंच संगीतकार लुई व्हिएर्न याची ‘मेस सोलानेल’, अर्थात समारंभी मिस्सा.

या कृतीकडे वळण्यापूर्वी मिस्साचा सांगाडा थोडक्यात सांगणे अवश्य आहे. कॅथलिक उपासनेत दिवसागणिक पालटणाऱ्या प्रार्थना असतात, तशीच न पालटणारीही काही पदे असतात. कीरिए म्हणजे दयेची याचना, ग्लोरिया म्हणजे स्तुती, क्रेडो म्हणजे श्रद्धेचा उच्चार, सांक्तुस आणि त्याला जोडलेले बेनेदिक्तुस म्हणजे पावित्र्याचा व आगमनाचा जयघोष, आणि आग्नुस देई म्हणजे शांतीचे मागणे. युरोपातील संगीतकारांनी शतकानुशतके चाली बांधल्या त्या याच पाच पदांना. ही पदे एकामागून एक येत नाहीत. त्यांच्या मधून वाचन होते, प्रवचन होते, अर्पण होते, मौन असते. मैफलीत ती सलग ऐकणाऱ्याला हे अंतर दिसत नाही. कीर्तनातील अभंग कीर्तनातून उचलून मैफलीच्या अखेरीस भैरवीत गाइला, तर तो गोड लागेल यात शंका नाही. परंतु पूर्वरंगातील निरूपणाने त्याच्यासाठी जी जागा तयार केली होती ती मात्र गेलेली असते. मिस्सासंगीताचे परीक्षण करू पाहणाऱ्याने पहिली खूणगाठ बांधावयाची ती हीच.

व्हिएर्नचा जन्म 1870 चा. जन्मतःच त्याची दृष्टी अधू होती. पॅरिसमधील सें-सुल्पीस या चर्चमध्ये शार्ल-मारी विदोर हा मुख्य ऑर्गनवादक होता, आणि 1892 पासून व्हिएर्न त्याचा साहाय्यक झाला. 1900 साली तो नोत्र-दाम कॅथीड्रलचा ऑर्गनवादक नेमला गेला. पुढे 1937 साली तेथेच, वादन चालू असता, ऑर्गनच्या पट्ट्यांपाशीच त्याला मृत्यू आला. प्रस्तुत मिस्सा त्याने या स्थित्यंतराच्या सुमारास रचली आणि ती 1901 साली सें-सुल्पीसमध्ये प्रथम गाइली गेली. मुळात त्याच्या मनात वाद्यवृंदाची योजना होती. दोन ऑर्गन वापरण्याचा सल्ला विदोरचा. हा सल्ला व्यवहारी होता. चर्चला प्रत्येक सणाला वाद्यवृंद परवडत नाही, ऑर्गन मात्र भिंतीशी कायमचा उभा असतो. पण या व्यवहारातूनच कृतीला तिचा आत्मा लाभला, असे माझे मत आहे.

वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सें-सुल्पीस कॅथीड्रल नव्हे. ते पॅरिश चर्च आहे, म्हणजे एका वस्तीचे देऊळ. बाप्तिस्मे, लग्ने आणि अंत्यविधी यांसाठी आसपासची माणसे तेथे येतात. आकाराने मात्र ते अवाढव्य असून त्याची लांबी शंभर मीटरांहून अधिक आहे. प्रवेशद्वारावरील सज्जात आरिस्तीद काव्हाये-कॉल याने 1862 साली नव्याने उभारलेला मोठा ऑर्गन आहे. त्याला हातांनी वाजवावयाच्या पट्ट्यांच्या पाच रांगा आणि शंभर स्टॉप होते. स्टॉप म्हणजे एकेका जातीच्या नादाची खुंटी. ती ओढली की बासरीचा, तुतारीचा किंवा तंतुवाद्याचा भास देणारी नळ्यांची पंगत बोलू लागते. दुसरा, लहान ऑर्गन वेदीच्या बाजूला, गायकवृंदापाशी आहे. त्याचे काम गायकांना सूर देण्याचे आणि सावरण्याचे. दोहोंमधील अंतर एवढे, की आवाजाला एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोहोचण्यास सेकंदाचा सुमारे तिसरा हिस्सा लागतो. द्रुत लयीत हा उशीर घातक ठरतो, हे कोणीही तबलजी सांगेल.

व्हिएर्नने या अडचणीतूनच रचनेची रीत काढली. लहान ऑर्गन गायकांबरोबर चालतो. मोठा ऑर्गन त्यांच्या पायात पाय घालीत नाही. तो उत्तर देतो, शिखर चढवितो, किंवा एखादे वाक्य संपले की त्यावर आपली मोहर उठवितो. कीरिएचा आरंभ पाहावा. पट्टी सी शार्प मायनर, म्हणजे आपल्या पेटीवादकांच्या भाषेत काळी एकचा षड्ज आणि कोमल गंधार. मोठ्या ऑर्गनच्या गंभीर नादातून एकेका जातीचे आवाज वर येऊ लागतात, आणि दयेची याचना एखाद्या वैयक्तिक गाऱ्हाण्यासारखी न वाटता सबंध इमारतीच्या पायातून निघाल्यासारखी वाटते. मधल्या ‘क्रिस्ते’ या भागात स्वर मृदू होतो, आणि ‘कीरिए’ पुन्हा येते ते अधिक बळाने. आग्नुस देईत मात्र हा संगीतकार आपले सारे ऐश्वर्य बाजूस ठेवतो आणि शांतीचे मागणे हळू आवाजात मागून थांबतो. ज्याच्या हाताशी शंभर स्टॉप आहेत त्याने शेवट हलक्या स्वरात करावा, यात संयम आहे आणि उपासनेची जाणही आहे.

हे सारे गुण मान्य करूनही, या कृतीचा सर्वांत महत्त्वाचा विशेष तिच्यात जे नाही त्यात आहे, असे मला वाटते. व्हिएर्नच्या मिस्सेत क्रेडो नाही. कीरिए, ग्लोरिया, सांक्तुस, बेनेदिक्तुस आणि आग्नुस देई एवढीच पदे आहेत. सबंध कृती सुमारे 20 मिनिटांची, आणि तिच्यातील निम्म्याहून अधिक काळ पहिली दोन पदेच घेतात. त्यानंतर, जेथे पाच पदांतील सर्वांत दीर्घ शब्दांचे पद यावयाचे, तेथे संगीतकार गप्प आहे.

यामागे व्हिएर्नचा काही क्रांतिकारक हेतू होता असे समजण्याचे कारण नाही. क्रेडो साध्या, एकसुरी चालीत म्हणण्याची फ्रेंच पॅरिशांतील रीत जुनी होती. आंरी द्यूमाँ याने 1669 साली अशा साध्या चालींच्या मिस्सा छापल्या. त्यांतील ‘राजेशाही मिस्सा’ पिढ्यान्‌पिढ्या खेड्यापाड्यांतील लोकांच्या तोंडी होती. ज्याला स्वरलिपीचे एक अक्षर येत नाही अशा शेतकऱ्यालाही ती पाठ असे. व्हिएर्नने केवळ ही रूढी पाळली. परंतु कलेत रूढी पाळण्यानेही कधीकधी अर्थ उत्पन्न होतो. ग्लोरियाचा प्रचंड जयघोष विरतो, वाचन आणि प्रवचन होते, आणि मग ‘मी श्रद्धा ठेवतो’ हे म्हणण्याची वेळ आली की कसबी गायक बाजूला होतात आणि सामान्य माणसे उभी राहतात. माझ्या वतीने दुसरा कोणी दयेची याचना गाऊ शकेल, स्तुतीही गाऊ शकेल. श्रद्धा मात्र ज्याची त्यानेच उच्चारावी लागते. व्हिएर्नच्या मिस्सेचे हे मौन या अर्थाने फार बोलके आहे.

ही गोष्ट मला पुस्तकातून कळली नाही, एका चुकीतून कळली. काही वर्षांपूर्वी युरोपातील एका पॅरिशमध्ये सणाच्या दिवशी ही मिस्सा गाइली जाणार असे कळल्यावरून मी गेलो होतो. ऑर्गन एकच होता. दोन ऑर्गनांचे काम एकावर आणून वाजविण्याची सोय आता सर्वत्र रूढ आहे आणि तिला दोष देण्याचे कारण नाही. गायकवृंद हौशी होता, पण तयारी चोख होती. कीरिए ऐकून अंगावर काटा आला. मात्र क्रेडोची वेळ आली तेव्हा, कार्यक्रम अपुरा वाटू नये म्हणून की काय, गायकवृंदाने दुसऱ्याच एका संगीतकाराचा लांबलचक क्रेडो सुरू केला. माझ्या शेजारी एक वृद्ध बाई उभ्या होत्या. पहिले शब्द ऐकताच त्यांनी तोंड उघडले, चाल आपल्या ओळखीची नाही हे कळताच मिटले, आणि थोड्या वेळाने त्या खाली बसल्या. पुढील सारे गायन निर्दोष झाले. पण त्या बाईंनी उघडून मिटलेले तोंड मी अद्याप विसरलो नाही. संगीतकाराने जी जागा मोकळी ठेवली होती, ती गायकवृंदाने भरून टाकली होती.

या प्रसंगाचे महत्त्व एका चर्चपुरते नाही. पॅरिशमध्ये समारंभी मिस्सा गावी की न गावी, हा वाद शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. एकोणिसाव्या शतकात नाट्यगृहाची हवा देवालयात शिरली होती. गुनो याची संत सेसिलियाची मिस्सा 1855 साली पॅरिसमध्ये सें-तस्ताश चर्चमध्ये गाइली गेली. तिच्यातील माधुर्य नाकारता येत नाही, पण तिच्या सुरावटींवर ऑपेराची छाया आहे. अशा प्रवृत्तींना आवर घालण्यासाठी 22 नोव्हेंबर 1903 रोजी पोप दहावे पायस यांनी आज्ञापत्र काढले. ग्रेगोरियन गायन हा आदर्श मानावा, ऑर्गनने गायनाला झाकून टाकू नये, आणि गायन लांबले म्हणून वेदीवरील धर्मगुरूला तिष्ठत ठेवू नये, असा त्याचा आशय होता. त्याच पत्राने स्त्रियांना गायकवृंदात मज्जाव केला होता. आज बहुतेक पॅरिशांतील गायकवृंद स्त्रियांच्याच बळावर उभे आहेत, यावरून त्यातील कोणता भाग टिकला आणि कोणता काळाने गाळला हे दिसते.

पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी उपासनेविषयीची घटना प्रसिद्ध केली. तिने पवित्र संगीताचा ठेवा जतन करावा, गायकवृंदांना उत्तेजन द्यावे आणि नळ्यांच्या ऑर्गनचा मान राखावा असे सांगितले, आणि लोकांचा सक्रिय सहभागही मागितला. या दोन अपेक्षा एकमेकींच्या वैरिणी आहेत असे अनेकांनी गृहीत धरले. काही पॅरिशांनी लोकांना गाऊ द्यावयाचे म्हणून गायकवृंद मोडले. काहींनी कलेचे रक्षण करावयाचे म्हणून लोकांना श्रोते करून ठेवले. वास्तविक 1967 च्या संगीतविषयक सूचनापत्रात तोडगा स्पष्ट होता. गायकवृंदाने बहुस्वरी मिस्सा गावी, पण लोकांना सर्वस्वी वगळू नये. क्रेडो सर्वांनी म्हणावा किंवा सर्वांना म्हणता येईल असा ठेवावा. सांक्तुस सामान्यतः सर्व सभेचे असावे. यातील क्रेडोविषयीची अपेक्षा व्हिएर्नच्या कृतीने सहासष्ट वर्षे आधीच पुरी केली होती.

सांक्तुसविषयीची मात्र केली नव्हती, आणि येथे या मिस्सेचा दोषही सांगितला पाहिजे. जुन्या विधीत धर्मगुरू मुख्य प्रार्थना हलक्या आवाजात म्हणत असे. त्याच वेळी वृंद सांक्तुस गाई, आणि बेनेदिक्तुस भाकरी उंचावल्यानंतर होई. म्हणून व्हिएर्नने ही दोन पदे अलग बांधली. पहिल्यात जल्लोष आहे, दुसऱ्यात अंतर्मुखता. 1969 च्या अखेरीस नवा विधी अमलात आल्यापासून ही प्रार्थना मोठ्याने म्हटली जाते आणि दोन्ही पदे तिच्या आधी सलग येतात. परिणामी धर्मगुरू वेदीपाशी उभा राहून वाट पाहतो, आणि ज्या दोन पदांमध्ये मौनाचे अंतर कल्पिले होते ती एकमेकांवर आदळतात. हा व्हिएर्नचा अपराध नव्हे. त्याने आपल्या काळच्या विधीला अचूक माप घेऊन अंगरखा शिवला होता, पुढे शरीराची ठेवण बदलली. परंतु आज ही मिस्सा निवडणाऱ्या पॅरिशने ही किंमत ओळखून निवडावी.

वेळेचे हे बंधन नवे नाही. साल्झबुर्गच्या आर्चबिशपांना सबंध मिस्सा पाऊण तासात आटोपावी लागे, असे मोझार्टने 1776 च्या एका पत्रात लिहिले आहे. हायडनने आयझेनश्टाट येथील एका लहान प्रार्थनामंदिरासाठी ऑर्गनची छोटी मिस्सा बांधली. तिच्यातील ग्लोरिया इतका आवळलेला आहे, की चार आवाज चार निरनिराळी वाक्ये एकाच वेळी म्हणतात आणि एकही धड ऐकू येत नाही. त्याच मिस्सेतील बेनेदिक्तुसमध्ये एकटा स्त्रीस्वर आणि ऑर्गन यांचा जो निवांत संवाद आहे, त्यापुढे हा दोष कोणी फारसा मनावर घेत नाही. तरीही शब्द गिळून वेळ वाचविण्यापेक्षा एखादे पद सर्वस्वी सोडून देऊन ते लोकांकडे सोपविणे मला अधिक सरळ वाटते. व्हिएर्ननंतर झां लांग्ले या अंध संगीतकाराने 1949 साली आपली समारंभी मिस्सा रचली, तिच्यातही क्रेडो नाही. फ्रेंच परंपरेने हा मार्ग टिकविला.

आता कोणी विचारील, की पॅरिसच्या या मिस्सेशी आपला काय संबंध? गोव्याच्या वाचकाला तरी हा प्रश्न पडू नये. गोव्यात 1545 पासून पॅरिश-शाळा निघाल्या आणि चर्चचा मेस्त्र गावच्या मुलांना स्वरलिपी, गायन आणि व्हायोलिन शिकवू लागला. नळ्यांचे मोठे ऑर्गन आपल्या खेड्यांत नव्हते. पेटी, दोन-चार व्हायोलिने, क्लॅरिनेट आणि एखादे मोठे तंतुवाद्य एवढ्या सामग्रीवर लॅटिन मिस्सा आणि चाळीस दिवसांच्या उपवासकाळातील मोतेत गाइले जात. त्या मेस्त्रांच्या हाताखाली घडलेल्यांनी पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद उभे केले. प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकविणारे माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे चर्चच्या गायनशिक्षकाचेच पुत्र. म्हणजे समारंभी मिस्सा केवळ सणाची शोभा नव्हती. ती गावाची संगीतशाळा होती. काहीतरी अवघड गावयाचे आहे म्हणूनच कोणी शिकते आणि कोणी शिकविते.

परिषदेनंतर गोव्यात कोंकणी आणि वसईत मराठी वेदीवर आली. आपल्या भाषेत श्रद्धा उच्चारण्याचा अधिकार माणसाला मिळाला, हा लाभ एवढा मोठा आहे की त्याच्याविरुद्ध लॅटिनच्या आठवणींचे उसासे टाकणे शोभत नाही. ‘गायनांचो झेलो’तील गीते सबंध चर्च मोकळ्या गळ्याने म्हणते तेव्हा तेथे उणे काही आहे असे कोण म्हणेल? तथापि सर्वांना सर्व वेळ सोपेच गावयाचे, असा नियम झाला की चार पिढ्यांनी कमावलेली स्वरलिपीची विद्या एका पिढीत निरुपयोगी ठरते. सर्वांनी गावे याचा अर्थ कोणीच अवघड गाऊ नये असा नव्हे. वारीत टाळकरी असतात तसा मृदंगमणीही असतो. त्याच्या बोलांनी टाळकऱ्याचा अपमान होत नाही.

म्हणून व्हिएर्नच्या मिस्सेवरील माझा अभिप्राय असा. संगीत म्हणून ती पहिल्या प्रतीची आहे, विशेषतः कीरिए आणि आग्नुस देई. आजच्या विधीत तिचे सांक्तुस-बेनेदिक्तुस अवघडून बसते, आणि ज्या पॅरिशला ते जड वाटेल तिने तेवढे पद लोकांच्या चालीत गावे. त्यात संगीतकाराचा उपमर्द नाही. मोठा ऑर्गन नसेल तर लहानावर भागवावे. वर्षातून एकदोनदा, मोठ्या सणाला, पुरेशी तालीम करून गावे. पण क्रेडोची जागा भरू नये. तेथे ऑर्गनने एक स्वर द्यावा आणि थांबावे, आणि कॅसकमध्ये उभे असलेले गायकही लोकांकडे तोंड करून त्यांच्यात मिसळून गावेत. त्या दिवशी माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाईंना ती चाल ठाऊक होती. त्यांना फक्त आरंभीचा स्वर हवा होता.